दफ्तर राहिले, वाचणारे गेले

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी तास संपल्यावर मागे थांबला आणि पिशवीतून एक चौकट काढून त्याने माझ्यासमोर ठेवली. काचेच्या आत एक जुना, पिवळा पडलेला मोडी कागद होता. "सर, ही आमची सनद. पेशव्यांनी दिलेली, असं आजोबा सांगायचे. दसऱ्याला आम्ही हिची पूजा करतो."

मला मोडी येते ती कामापुरती. जलद हाताने लिहिलेला असा कागद पुढे आला की माझी गाडी दुसऱ्या ओळीतच अडते. आमच्या गावी भूमी अभिलेखाच्या कचेरीतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ होते. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, चौकट खिडकीच्या उजेडाकडे तिरपी धरली आणि थोड्या वेळाने हसून म्हणाले, "अरे बाबा, हा कर्जरोखा आहे. तुझ्या पूर्वजाने बैलजोडीसाठी साठ रुपये काढले होते. खाली 'भरून पावलो' असंही लिहिलंय. तेव्हा पूजा करायला हरकत नाही. कर्ज फेडणारा माणूस होता!"

मुलगा जरा खट्टू झाला. पण दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "सर, निदान त्यांचं नाव तरी कळलं." ते वृद्ध गृहस्थ आता हयात नाहीत. आज असा कागद कुणी घेऊन आला तर त्याला कुणाकडे न्यायचे, हा मला प्रश्नच आहे.

हा प्रश्न एका घरापुरता असता तर तो इथे मांडण्याचे कारण नव्हते. पण अशीच गोष्ट एका संबंध राज्याच्या बाबतीत घडली आहे. राज्य बदलले की खजिना हाती येतो, किल्ले हाती येतात, कागदही हाती येतात. पण त्या कागदांचा अर्थ ज्यांच्या डोक्यात असतो ती माणसे हाती राहतात का? आणि ती गेली तर मागे काय उरते? पेशव्यांच्या दफ्तराची हकीकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

पुण्यात पेशव्यांच्या कारभाराचे जे मुख्य दफ्तर होते त्याला हुजूर दफ्तर म्हणत. आज आपण ज्याला सचिवालय म्हणू तसे ते होते. त्यात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. त्याचे दोन मोठे भाग होते. एक चालते दफ्तर. ते फडणिसांच्या देखरेखीखाली असे आणि रोजचे काम त्यात चाले. त्यातही फड, बेहडा, सरंजाम अशा शाखा होत्या. हुकूम आणि सनदा फडातून निघत. जिल्ह्याजिल्ह्यांचा जमाखर्च आणि येत्या सालाचा अंदाज बेहड्याकडे असे. लष्करासाठी लावून दिलेल्या मुलखाचे हिशेब सरंजामाच्या शाखेत राहत. दुसरा भाग एकबेरीज दफ्तर. सगळ्या शाखांचे कागद काम संपल्यावर इथे येत, त्यांची खाती पाडली जात आणि सालवार गोषवारे तयार होत. अमुक खात्यावर गेल्या दहा सालांत किती खर्च पडला असे कुणी विचारले, तर एकबेरजेचा कारकून उठून नेमका रुमाल काढून देऊ शके. रुमाल म्हणजे ज्या कापडात कागद बांधून ठेवीत ते. त्या कापडावरूनच गठ्ठ्यालाही रुमाल म्हणू लागले.

आता एक समजूत दूर केली पाहिजे. आपल्याला वाटते की ही घडी इंग्रजांनी मोडली. तसे झालेले नाही. घडी मोडली ती घरच्याच धन्याने. १७९६ साली दुसरा बाजीराव गादीवर आला आणि १८०० साली नाना फडणीस वारले. त्यानंतर मामलती मक्त्याने देण्याची चाल बोकाळली. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला महाल द्यायचा आणि त्याने रयतेकडून ती कशी वसूल केली हे विचारायचे नाही. असे एकदा ठरले म्हणजे बेहडे कशाला हवेत आणि ते तपासणारे कारकून तरी कशाला? दफ्तराची माणसे जवळजवळ सगळी कमी झाली. कागद ज्याला हवे त्याने उचलून न्यावेत, इथवर मजल गेली. दफ्तर जाळायला शत्रू यावा लागतो असे नाही. ते कुणी विचारीनासे झाले की आपोआप विसकटते.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि जून १८१८ मध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. नव्या मुलखाचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. हा माणूस १८११ पासून पुण्यात रेसिडेंट होता, त्यामुळे इथली माणसे आणि इथल्या चालीरीती त्याला ठाऊक होत्या. त्याने पहिली गोष्ट ही केली की जुन्या कारभाराची मोडतोड एकदम केली नाही. मक्ते बंद केले, मामलेदारांना बांधीव पगार दिला, पण गावचा पाटील, कुलकर्णी आणि महालाचा जुना कारकून यांना जागेवर ठेवले. दुसरी गोष्ट म्हणजे मॅक्लिऑड नावाच्या आपल्या एका मदतनिसाला त्याने पेशव्यांचे दफ्तर लावण्याच्या कामावर नेमले. १८१९ साली त्याने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल वरिष्ठांना पाठवला, त्यात या दफ्तराच्या रचनेची माहिती आहे. वर सांगितलेली फड-बेहड्याची हकीकत आज आपल्याला कळते ती बरीचशी या विचारपूस करण्यामुळे. जुने कारकून हयात होते, तोवर त्यांना विचारून घेतले गेले. जेत्याच्या पदरात एवढे श्रेय टाकायला हरकत नसावी.

पण विचारले काय, यालाही महत्त्व आहे. नव्या सरकारला दोन गोष्टी हव्या होत्या: सारा किती यायला हवा आणि इनाम कुणाकुणाला आहे. बाकीचे कागद बांधलेलेच राहिले. आणि साऱ्याच्या बाबतीतही नुसता कागद किती फसवा असतो, याचा अनुभव लवकरच आला.

गावाच्या जमेचे जुने आकडे कागदावर असत. एक तनखा, म्हणजे फार पूर्वीचा ठरीव आकार; दुसरा कमाल, म्हणजे चांगल्या काळातला जास्तीत जास्त आकार. दर साली कमाल आकार पदरात पडतच असे, असे मुळीच नाही. पाऊस कमी पडला, गुरे मेली, फौजेची वाट गावावरून गेली, तर सूट दिली जाई. ही सूट केव्हा, किती आणि कुणाच्या शब्दावर द्यायची, हे कोष्टकात लिहिलेले नव्हते. ते जुन्या कमाविसदाराला आणि पाटलाला ठाऊक होते. नव्या कलेक्टराच्या समोर मात्र आकडा होता आणि त्याला तो आकडा खरा वाटे. त्यातच १८२० नंतर धान्याचे भाव उतरले आणि रोकडीने सारा भरणारी रयत पेचात आली.

यावर उपाय म्हणून रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात नव्याने मोजणी केली. माणूस हुशार आणि मेहनती होता. विलायतेतल्या अर्थशास्त्राचा नवा सिद्धांत त्याच्या मनावर बिंबला होता. शेताचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यायचा. कागदावर याहून न्याय्य काय असणार? पण दर शेताचे उत्पन्न आणि खर्च काढणार कोण? ते काम मोजणीच्या कारकुनांवर आणि गावच्या माहितगारांवर पडले. काहींनी चुका केल्या, काहींनी हात ओले करून घेतले. नवी आकारणी लागू झाली आणि थोड्याच वर्षांत इंदापुरासारख्या तालुक्यात शेते ओस पडली. अखेर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला, जमिनीची प्रत पाहिली, गाव मागे काय देत आला आणि त्याला काय झेपते हे पाहिले आणि तीस वर्षांसाठी आकार बांधून दिला.

इथे जुन्या जाणत्यांची बाजू घेऊन चालणार नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याच्याजवळ माहिती, त्याच्याजवळ सत्ता. कुलकर्ण्याचे दफ्तर त्याच्या घरात असे आणि ते त्याच्याखेरीज कुणाला उलगडत नसे, हे त्याला सोयीचेच होते. त्याने ते ज्ञान गावासाठी वापरले, तसे स्वतःसाठीही वापरले. उलट ज्याला अक्षरओळख होऊ दिली नव्हती, त्या महाराच्या डोक्यातली माहिती गावाच्या रोजच्या उपयोगाची होती. दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला म्हणजे त्याच्या साक्षीला मोठे वजन असे. कोणता ओढा, कोणता दगड, कोणते झाड, हे तो पायाखालच्या वाटेसारखे सांगे. म्हणजे एका गावात दोन दफ्तरे होती म्हणा ना. एक रुमालात बांधलेले, दुसरे माणसाच्या स्मरणात. पहिल्याला मान होता. दुसऱ्याचे काम पडले म्हणजेच त्याची आठवण होई.

पुढे १८५२ साली कायदा होऊन इनाम कमिशन बसले. इनामे कुणाची खरी आणि कुणाची खोटी, याची चौकशी सुरू झाली. तेव्हा पुण्याच्या दफ्तराला एकदम मोल आले. दफ्तरात नोंद आहे का, हा सवाल झाला. कमिशनने देशमुख, देशपांडे वगैरे वतनदारांकडचे कागदही गोळा केले. दफ्तराच्या 'जमाव' या विभागात आजही ते आहेत. कित्येकांची सनद गहाळ झाली होती, कित्येकांना ती असूनही पटवून देता आली नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर याचा असंतोष १८५७-५८ च्या उठावापर्यंत धुमसत राहिला. दफ्तर जपले गेले ते अशा कामासाठी. आणि त्यात सरकारच्या हक्काचे पुरावे होते, म्हणूनच ते पुढे कितीतरी वर्षे अभ्यासकांना मोकळे झाले नाही. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यावरचे कागद गोळा करीत होते आणि १८९८ पासून ते छापीत होते, त्या काळात पुण्याच्या दफ्तराचे दार इतिहासाला जवळजवळ बंदच होते.

आता तिसरा बदल पाहा. तो इतका मुकाट्याने झाला की त्याला कुणी बदल म्हटलेही नाही. हे सगळे कागद मोडीत आहेत. मोडी ही हात न उचलता लिहायची लिपी. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडायची चाल नाही आणि नित्याच्या शब्दांची संक्षिप्त रूपे आहेत. मौजेबद्दल नुसता 'मौ' आणि पुढे दोन दंड. लिहिणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून ती अशी घडली. वाचणाऱ्याने ती रोज वाचावी, हे तिच्यात गृहीत आहे. छापखान्याला मात्र बाळबोध सोयीची. १९१७ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध घ्यायचे ठरवले. सोय म्हणून हा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. मुलांना दोन लिप्या कशाला, असे पालकांनाही वाटले असेल. पुढे शाळेतला मोडीचा तासही गेला. मोडीत सही करणारे आजोबा राहिले, मग तेही गेले.

लिपी गेली म्हणजे नुसते अक्षर गेले असे नाही. एक उदाहरण देतो. जुन्या पत्राच्या शेवटी साल लिहिलेले असते: 'सलास तिसैन मया व अलफ'. हे अरबी आकडे आहेत आणि ते एककापासून मोजायचे. सलास म्हणजे ३, तिसैन म्हणजे ९०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००. झाले ११९३. हे सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७९२ येते. पण हे साल मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून पत्र जानेवारीनंतरचे असेल तर १७९३ धरायचे. शिवाय तिथी मुसलमानी महिन्याची, तिच्यामागे चंद्राचा 'छ'. ती जुळवायला मोडकांची किंवा खऱ्यांची जंत्री घेऊन बसावे लागते. पेशवाईतला सोळा वर्षांचा उमेदवार हे सारे बोलता बोलता करीत असे, कारण तो वडिलांच्या शेजारी बसून शिकला होता. याचे पुस्तक कुणी लिहिले नव्हते. जे सगळ्यांना येते, ते लिहून ठेवावे असे कुणाच्या मनात येत नाही.

१९२९ साली सरकारने हे दफ्तर तपासण्याचे काम गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे सोपवले. त्यामागे सर जदुनाथ सरकारांची खटपट होती. सरदेसाई तेव्हा साठी ओलांडलेले, बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. समोर सुमारे ३५ हजार रुमाल, कागदांची संख्या कोटींत, आणि हाताशी मोडी जाणणारे मोजके साहाय्यक. त्यांनी चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. केवढे मोठे काम! तरी एकंदर साठ्याच्या मानाने हे खंड म्हणजे समुद्रातली ओंजळ. शिवाय हे काम होऊ शकले, कारण मोडी रोज लिहिणारी पिढी तेव्हा अजून हयात होती. तेच काम तीस-चाळीस वर्षांनी हाती घेतले असते, तर?

त्याचे उत्तर आपण नुकतेच अनुभवले. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तहसील कचेऱ्यांतले जुने गठ्ठे सुटले. जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुके, महसुलाची जुनी पत्रके, शाळांची जुनी रजिस्टरे बाहेर आली. त्यांतले पुष्कळसे मोडीत. मग धावाधाव सुरू झाली: मोडी येणारे कोण आहेत? जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचकांचा शोध होऊ लागला. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचे नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की कागद जागच्या जागी होता, कुणी चोरला नव्हता, जाळला नव्हता. एखाद्या घराचे दाखल्याचे काम मात्र तो वाचायला माणूस नाही म्हणून अडत होते. शंभर वर्षांपूर्वी जे काम गावचा कुलकर्णी उभ्याउभ्या करून देत असे, त्यासाठी तज्ज्ञ बोलवावा लागला.

आता आपण म्हणाल, आमचा आणि पेशवे दफ्तराचा काय संबंध? पण जरा आजूबाजूला पाहा. दोन बँका एक होतात, पतपेढीचा कारभार संगणकावर जातो, गावच्या पाणीपुरवठ्याचे काम एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाते. त्या वेळी वह्या मोजून घेतात, किल्ल्या मोजून घेतात आणि पावतीवर सही होते. पण पंप कोणत्या महिन्यात कुरकुर करतो, कुठल्या खातेदाराच्या नावात दोन माणसे आहेत, जुन्या नकाशात दाखवलेली नळाची ओळ प्रत्यक्षात कुठून वळते, हे ज्याला माहीत असते तो त्याच महिन्यात शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त होतो. भाषणे होतात, फोटो निघतो. "तुम्हाला काय काय ठाऊक आहे?" एवढे मात्र त्याला कुणी विचारीत नाही.

एल्फिन्स्टनने ते विचारले, हे या हकीकतीतले पहिले शिकण्यासारखे. मुलूख हातचा गेलेल्यांच्या कारकुनाला जेत्याने समोर बसवून विचारले, आणि म्हणून पुष्कळ वाचले. दुसरे हे की त्याने स्वतःला हवे तेवढेच विचारले, आणि म्हणून पुष्कळ बुडाले. आज ज्याची गरज वाटत नाही त्याची गरज उद्या पडणार नाही, असे कुणी ठरवावे? १८१८ मध्ये कुणाला ठाऊक होते की दोनशे वर्षांनी एखाद्या मुलाचा शाळेतला प्रवेश मोडी रजिस्टरातल्या एका शब्दावर अडणार आहे? आणि तिसरे, ज्ञान एकाच डोक्यात कोंडून ठेवू नये. ते कुलकर्ण्याच्या घरात कोंडले की तो त्याचा व्यापार करतो, आणि तो गेला की सगळ्यांचेच नुकसान होते. ते दुसऱ्याच्या हाताला लावून द्यावे लागते, आणि हाताला लावायचे तर दोन माणसे काही दिवस एकाच बैठकीवर बसली पाहिजेत. जाणारा आणि येणारा. याला दुसरा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.

समाधानाची गोष्ट ही की मोडी अगदी मेलेली नाही. महाराष्ट्राचे पुराभिलेख खाते मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, आणि काही संशोधन संस्था व महाविद्यालयेही घेतात. तरुण मुले हौसेने येतात. आमच्याकडेही गेल्या वर्षी असा एक वर्ग झाला. चौकट घेऊन आलेला तो विद्यार्थी आता नोकरीला लागला आहे, तरी रविवारी येऊन बसत असे. पहिला महिना त्याला स्वतःचे नाव लिहिण्यात गेला. शेवटच्या आठवड्यात त्याने तो कर्जरोखा पुन्हा आणला आणि अडखळत, बोट ठेवून, सगळा वाचला. त्या वृद्ध गृहस्थांनी एक शब्द गडबडीत वेगळा वाचला होता, तोही त्याने दाखवला. रुपये साठ नव्हते, सत्तर होते.

आपल्या घरी माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असेल. तिच्यात असे कागद असतील तर ते टाकू नका आणि काचेत घालून त्यांची नुसती पूजाही करू नका. ओळखीत मोडी जाणणारे कुणी म्हातारे माणूस असेल, तर येत्या सुट्टीत कागद घेऊन त्यांच्याकडे जा. आणि जाताना घरातल्या एखाद्या मुलाला बरोबर न्या.